पोटाचं पाप बोटांना

...आणि वर मलाच म्हणतात, "काका, जरा जोर लावा!" अहो, जोर लावा म्हणजे काय, जोर लावायला तो आधी बोटांत यायला नको का? एवढंसं प्लास्टिकचं झाकण, शेंबडं पोरही दातानं उघडेल, आणि मी गेली दहा मिनिटं त्या बाटलीशी कुस्ती खेळतोय, बाटली जिंकतेय, सगळा व्हरांडा बघतोय, आणि ती काउंटरवरची सिस्टर लांबूनच सांगतेय, "रक्त काढायचंय, सगळं पाणी प्यायचं हं काका, जोर लावा!"... ताई, तुम्ही पेशंट आहात की सोबत आलाय? सासूबाईंबरोबर? वा, मग तुमची बोटं चालू असतील. एवढं उघडून द्या हो. ...झालं? एवढ्यात? कट् वाजलं आणि उघडलंसुद्धा! बघा, बघा सगळ्यांनी, ह्याला म्हणतात बोटं!

हसू नका. तुम्हाला सांगतो, मी घड्याळजी आहे. चाळीस वर्षं हातातली घड्याळं दुरुस्त करतोय. मोहरीच्या दाण्यावर चार मावतील असले स्क्रू ह्याच बोटांनी काढलेत आणि बसवलेत, केसाहून बारीक स्प्रिंग चिमट्यात धरलीय, श्वास रोखून, कारण श्वास सोडला की स्प्रिंग उडते ती थेट टेबलाखाली आणि मग आख्खी दुपार गुडघ्यांवर! आणि आता? सकाळी उठावं तर दहाही बोटं वाकून बसलेली. उघडतच नाहीत! गरम पाण्यात घाला, विनवण्या करा, शिव्या घाला, अकरा वाजेपर्यंत दुकान बंद म्हणजे बंद! दात घासायचे तर पेस्टचं झाकण आमची ही उघडते, शर्टाची बटणं ही लावते, आणि बटणं लावता लावता आदल्या दिवशीचं भांडण पहिल्या बटणापासून पुन्हा सुरू करते, कारण मी जाणार कुठं, गळा तिच्या हातात! पण मला विचारलं कुणी? बाबा रे, असा असा आजार आहे, तुला हवाय का, नको असला तर तसं सांग? छे! मला विचारलं कुणी!

बरं, आजार बोटांचा ना? मग बोटं बघा! नाही. ह्यांना पोट बघायचंय! ती इथली संशोधनवाली डॉक्टरीण आहे ना, पोरसवदा, चष्मा डोक्यावर चढवलेला आणि टेबलावर शोधतेय, तीच. मी तिला मनातल्या मनात जंतूबाई म्हणतो. परवा चुकून तोंडावर म्हणालो, तर रागवायचं सोडून खूश झाली! तर ही जंतूबाई मला समजावते, "बघा काका, आपल्या शरीरात पहारेकरी असतात. बाहेरून कुणी आलं तर त्याला बडवून हाकलायचं, हे त्यांचं काम. तुमचे पहारेकरी काय करतायत, तर घरच्यांनाच बडवतायत. तुमच्याच बोटांच्या सांध्यांना." म्हटलं, का हो? त्यांचं काय घोडं मारलंय माझ्या सांध्यांनी? तर म्हणते, "आपल्या आतड्यात जंतू असतात ना काका, त्यांतले काही जण ह्या पहारेकऱ्यांचे कान भरत असावेत... बहुतेक." बहुतेक! ह्या बाईचं एक वाक्य बहुतेकशिवाय संपत नाही. म्हटलं, किती जंतू आहेत माझ्या पोटात? तर म्हणते, "अब्जावधी." ह्यावर मात्र बहुतेक नाही! अहो, बारा बाय आठच्या दुकानात आम्ही दोघं भाऊ मावत नाही, आणि माझ्या एवढ्याशा पोटात अब्जावधी पोटभाडेकरू, तेही पहारेकऱ्यांचे कान भरणारे! ह्यांना आत घेताना मला विचारलं कुणी? आणि चोर बसलाय पोटात, मार खातायत बोटं! पोटाचं पाप बोटांना, दुसरं काय!

घरी जाऊन हे सांगितलं, ही माझी चूक. आमची ही कणीक मळत होती. पोटात वाईट जंतू आहेत म्हणालो मात्र, हात थांबला. "वाईट? माझ्या हातचं खाऊन वाईट?" म्हटलं, अगं, तुझ्या हातचं असं नाही म्हणाली ती... "मग कुणाच्या हातचं? तुम्ही बाहेर कुठं खाता का?" तासभर उलटतपासणी. आणि दुसऱ्या दिवसापासून चांगले जंतू भरती! सकाळी दही, दुपारी ताक, संध्याकाळी पुन्हा दही, मध्येच शेजारीण भिंतीवरून ओरडून सांगणार, "वहिनी, कांदा द्या त्यांना, कच्चा, जंतूंना आवडतो!" अहो, जंतूंना आवडतो म्हणून मी खायचा? मी म्हटलं, हे सगळं डॉक्टरनं सांगितलंय का? तर आमची ही म्हणते, "त्यांना काय कळतंय, त्या स्वतःच बहुतेक म्हणतात!" तुम्हीच सांगा!

पण खरी गंमत पुढेच आहे. एक दिवस जंतूबाई फॉर्म भरत होती. "भावंडं किती?" म्हटलं, एक. धाकटा. "किती वर्षांनी धाकटा?" म्हटलं, अकरा मिनिटांनी. तिचा पेन थांबला. "जुळे?" हो. "दिसायला सारखे?" लहानपणी एकाला दोनदा आंघोळ घालून दुसऱ्याला तसंच ठेवायची आई, इतके सारखे. "आणि त्यांची बोटं?" म्हटलं, ठणठणीत, माझ्या पाठीशी पाठ लावून तेच काम करतो. अहो, ती उभी राहिली खुर्चीतून! "काका! एका आईचे, एका घरातले, एका धंद्यातले, एकाला आहे आणि एकाला नाही! असे पेशंट शोधून सापडत नाहीत हो!" जसं काही मी तिच्यासाठीच आजारी पडलोय! आणि मग गोड आवाजात, "काका, एक काम कराल? तुमचा नमुना तर द्याच. पण तुमच्या भावाचाही आणाल?" कसला नमुना ते आता तुम्ही सगळे जाणते आहात, सासूबाई समोर आहेत, मी उच्चार करत नाही. ही पिशवी दिसतेय ना माझ्या पायाशी? हां, तोच. नका, नका, तिच्यावर पर्स ठेवू नका!

तुम्ही म्हणाल, भावालाच मागायचंय ना, त्यात काय एवढं? अहो, तेच तर! सात वर्षं झाली, मी माझ्या भावाशी एक शब्द बोललेलो नाही! तोही नाही. सात वर्षांनी माणूस भावाशी बोलायला जातो तो काय मागायला जातो, सांगा? कुणी क्षमा मागतो, कुणी आईचा फोटो मागतो... आणि मी? मी कुठल्या तोंडानं जाऊन म्हणू, की बाबा, झालं गेलं विसरून जा आणि थोडी...! छे छे छे!

आणि भांडण कशावरून, ते ऐका. आमच्या धंद्यात एक पद्धत आहे. घड्याळ दुरुस्त केलं की मागच्या झाकणाच्या आतून सुईनं बारीकशी खूण ओरखडायची, शेजारी तारीख. गिऱ्हाइकाला ती कधी दिसत नाही. पण पुढं कधी घड्याळ परत आलं तर कळतं, हे कुणाच्या हातचं. आमच्या वडिलांची खूण होती अर्धी चंद्रकोर. वडील गेले आणि आम्ही दोघंही चंद्रकोरच काढायला लागलो, कारण मी म्हणालो थोरल्याची, तो म्हणाला धाकट्याची, आणि वडिलांना विचारायची सोय राहिली नव्हती. चाललं होतं बरं. मग एक दिवस एक मुख्याध्यापिका बाई आल्या, तणतणत! भर परीक्षेत घड्याळ बंद पडलं, त्यांनी घंटा वीस मिनिटं उशिरा दिली, आख्ख्या शाळेला वीस मिनिटं जास्त मिळाली, ढ पोरं पास झाली! घड्याळ उघडलं तर आत एक स्क्रू नाही. आणि झाकणावर चंद्रकोर. आता कुणाची? मी म्हटलं तुझी, तो म्हणाला तुझी. अक्षर सारखं, आकडे सारखे, ओरखडा सारखा! "मी असला निष्काळजीपणा करेन?" "म्हणजे मी करेन?" बस्स. त्या दिवसापासून तोंडं बंद. एका स्क्रूवरून! आणि दुसऱ्या दिवसापासून त्यानं चंद्रकोरीखाली दोन टिंबं द्यायला सुरुवात केली. मग मीही एक टिंब दिलं. वाटण्या झाल्या! घराच्याही झाल्या. तो वरच्या मजल्यावर, आम्ही खाली, चुली वेगळ्या. दुकान तेवढं एक, कारण दुकान अर्धं कापलं तर सहा बाय आठमध्ये टेबलच मावत नाही.

तुम्हाला वाटेल, मग दिवसभर चालतं कसं? गिऱ्हाइकाच्या तोंडून! मी गिऱ्हाइकाला सांगणार, "त्यांना म्हणावं, पंखा कमी करा, पुर्जे उडतात." गिऱ्हाईक बिचारं हातभर अंतरावर उभं, "ते म्हणतायत पंखा कमी करा." "त्यांना म्हणावं, इकडं उकडतंय." "ते म्हणतायत उकडतंय." एकजण तर घड्याळ न देताच निघून गेला, पुन्हा आलाच नाही! आणि गिऱ्हाईक नसलं की चिठ्ठी. प्रत्येक घड्याळाला एक पाकीट, पाकिटाला चिठ्ठी, छापील. गिऱ्हाईक, तक्रार, काम, कधी देणार. त्या चिठ्ठीवर लिहायचं आणि पाकीट मागं सरकवायचं.

मग काय करता! दोन आठवडे मी मनात घोळवत राहिलो, शेवटी एक मोठं पाकीट घेतलं, त्यात इथला तो झाकणाचा डबा घातला आणि चिठ्ठी भरली. गिऱ्हाईक, थोरला. तक्रार, बोटं. काम, नमुना पाहिजे, कशाचा ते डब्यावर लिहिलंय. कधी देणार, अर्जंट. आणि डोळे मिटून पाकीट मागं सरकवलं. आता सांगतो, पाठीमागं जी शांतता पसरली ना! सात वर्षं शांतताच आहे, पण ही निराळी होती. दुकानातली घड्याळं सोडून सगळं थांबलं. पाच मिनिटं... दहा मिनिटं... मग खसखस पेन चालल्याचा आवाज. पाकीट परत. चिठ्ठीवर लिहिलंय, "आज होणार नाही. उद्या सकाळी." आणि दुसऱ्या दिवशी मी अकराला दुकानात गेलो तर माझ्या टेबलावर पाकीट, व्यवस्थित सील केलेलं, चिठ्ठीवर शेरा, "काम झालं. माल चालू स्थितीत. गॅरंटी नाही."

हसा, हसा! मीही हसलो असतो, पण हसायला आधी तो डबा घरी न्यायला हवा होता, कारण दुसऱ्या दिवशीपर्यंत फ्रीजमध्ये ठेवायचा होता. आमची ही फ्रीजला पाठ लावून उभी! "तुमचा ठेवलाय तेच उपकार समजा. त्यांच्या घरातलं माझ्या फ्रीजमध्ये येणार नाही!" म्हटलं, अगं, पण आता भांडण... "भांडण तुमचं असेल, फ्रीज माझा आहे!" मग तो डबा मी वरच्या जिन्यात नेऊन ठेवला, बेल वाजवली आणि पळालो, ह्या वयात, हे गुडघे घेऊन! वरून धाकट्याच्या बायकोचा आवाज, सगळ्या जिन्यात घुमला, "आमच्याकडं परत पाठवलंय हो त्यांनी! पसंत नाही वाटतं!" पण रात्रभर राहिला तो त्यांच्याच फ्रीजमध्ये.

...तिकडं बघू नका. बघू नका म्हणतोय ना! हळूच बघा. त्या वजनकाट्याशेजारी, खिडकीखालच्या खुर्चीत, पेपर धरून बसलाय तो. हो. तोच. चेहरा माझाच, फक्त माझा जरा जास्त वापरलेला. आज दोघांनाही बोलावलंय, दुसरा नमुना, शिवाय रक्त. एकाच रिक्षातून आलो, तो पुढं रिक्षावाल्याशेजारी, मी मागं. "डावीकडं घ्या म्हणावं." "सरळ घ्या म्हणावं." रिक्षावाल्यानं मध्येच गाडी थांबवून विचारलं, "तुमचं ठरतंय का उतरू मी?" आणि बघा ना, पेपरचं तेच पान आहे, अर्धा तास झाला, उलटलेलं नाही. वाचत नाहीये, कान इकडं आहेत! सात वर्षांत त्यानं माझं एवढं कधी ऐकलं नव्हतं. मी त्याला सांगत नाहीये हं, मी तुम्हाला सांगतोय. आणि हट्टी किती! सिस्टरनं त्यालाही बाटली दिलीय, दोनदा ओरडून गेली, पाणी प्या म्हणून, मान हलवतो आणि बाटली तशीच मांडीवर! लहानपणापासून असाच, औषध सांगितलं की घेणार नाही, मग मी त्याच्या वाटचं प्यायचो. आईला कळायचं नाही, तिला दोन्ही पोरं सारखीच.

तर रिझल्ट! दोन महिन्यांपूर्वी जंतूबाईनं बोलावलं. मला एकट्यालाच. चष्मा डोक्यावरून खाली घेतला, पहिल्यांदाच. "काका, आम्हाला ज्या जंतूवर संशय आहे ना, तो तुमच्या पोटात आहे." म्हटलं, हाकला! "पण तो तुमच्या भावाच्या पोटातही आहे. तुमच्या दुप्पट." दुप्पट? मग त्याला का नाही झालं? तर तिचा चेहरा उजळला हो, "तेच तर! तेच तर आम्हाला शोधायचंय! फार इंटरेस्टिंग आहे!" इंटरेस्टिंग! माझी बोटं वाकडी आणि हिला इंटरेस्टिंग! म्हटलं, बाई, म्हणजे जंतू आणि आजार ह्यांचा संबंध आहे की नाही? "संबंध दिसतो काका. पण आधी जंतू की आधी आजार, की तिसरंच काही, हे नाही सांगता येत." म्हटलं, बहुतेकसुद्धा नाही? "नाही," म्हणाली, आणि खरं सांगतो, त्या पोरीचा चेहरा उतरला. तिलाही वाईट वाटलं. मग मी विचारलं. विचारू नये ते विचारलं. म्हटलं, मग त्याला होणार का? "होईलही. न होईलही. पण काका, त्यांना एक सांगा. सकाळी उठल्यावर बोटं आखडली, तासभर सुटली नाहीत, तर एक दिवस थांबू नका म्हणावं. लवकर आलं तर आवरता येतं. तुम्ही वर्षभर अंगावर काढलंत ना, तसं नका करू म्हणावं."

हो, काढलं मी वर्षभर! लोक विचारायचे, बोटं दुखतायत का, मी म्हणायचो, "छे, कुठं काय!" घड्याळजीनं बोटं दुखतात म्हणायचं म्हणजे गवयानं घसा गेला म्हणण्यासारखं, उद्यापासून पाकिटं यायची बंद! बायकोला नाही सांगितलं, डॉक्टरला नाही सांगितलं. कुणी म्हणालंच, हाताला काय झालंय, की हात खिशात. "छे, कुठं काय!" त्या एका वर्षात जी बोटं वाकडी झाली ती झाली. ती आता सरळ होत नाहीत, गोळ्या आहे तिथं थांबवतात एवढंच.

आता हा निरोप त्याला द्यायचा कसा? दोन महिने मी हेच करतोय. चिठ्ठी लिहिली, फाडली. गिऱ्हाइकाच्या तोंडून सांगावं, तर कुणाला काय म्हणणार, "त्यांना म्हणावं, घड्याळ शनिवारी मिळेल, आणि सकाळी बोटं बघत जा"? बायकोला म्हटलं, तू तुझ्या जावेला सांग. तर म्हणते, "मी? त्यांचे जंतू आपल्या दुप्पट निघाले हे सांगायला सांगा, आत्ता जाते!" तिला अजून तो विजय वाटतोय हो! शेवटी मी जंतूबाईला म्हटलं, तुम्हीच बोलवा त्याला, दुसरा नमुना पाहिजे म्हणून. म्हणून आज आलोय. येतो की नाही, रात्रभर झोप नाही लागली मला. आला.

एवढी काळजी का, म्हणाल. सात वर्षं बोलत नाही आणि आता उमाळा? सांगतो. जरा मोठ्यानं सांगतो, तुमच्या सासूबाईंना ऐकू येत नसेल.

माझी औषधं चालू होती, आणि मला वाटायचं, काय गुण आहे बघा औषधाचा! संध्याकाळी बारीक काम जमायचं नाही, अर्धवट घड्याळ टेबलावर काचेच्या झाकणाखाली ठेवून मी सहाला घरी. दुसऱ्या दिवशी अकराला येऊन बघतो तर चाक छान झुलतंय, स्प्रिंग जागेवर, टिकटिक चालू! मी म्हणायचो, वा, काल मीच बसवलं असणार, विसरलो. मग तीच मुख्याध्यापिका आली, नव्या पट्ट्यासाठी. सहज मागचं झाकण उघडलं, माझंच काम, परवाचंच, माझ्या हातानं पाकीट दिलेलं. सुई धरवत नाही म्हणून खूण ओरखडणं मी कधीच सोडलं होतं, आणि आत चंद्रकोर. खाली दोन टिंबं. मी दुसरं उघडलं, दोन टिंबं. तिसरं. तयार पाकिटांतली सतरा घड्याळं मी त्या दुपारी उघडली. सतराच्या सतरा, दोन टिंबं! तो नऊला दुकान उघडायचा ना. मी यायच्या आत दोन तास माझ्या खुर्चीत बसून माझी घड्याळं लावायचा, आणि मी आलो की पाठ फिरवून आपल्या जागेवर, जसं काही झालंच नाही! मला विचारलं कुणी? नाही ना! मी कामातून गेलोय हे ज्याला कळलं त्यानं मला विचारलं नाही, सांगितलं नाही, मिरवलं नाही... एवढा राग आला मला! आणि रडलो हो. भिंग डोळ्याला लावलेलं होतं, भिंगात पाणी साचलं, घड्याळ दिसेना. त्याच्या पाठीला पाठ लावून रडलो, आवाज न करता, आणि त्यालाही कळलं असणार, कारण त्यानं पंखा कमी केला. न सांगता!

आभार? छे, कसले आभार, कसे मानणार! मी रोज संध्याकाळी झाकणाखाली घड्याळ ठेवत राहिलो, तो रोज सकाळी लावत राहिला. हेच आमचं बोलणं. पण गेल्या महिन्यापासून काय झालंय कुणास ठाऊक, तेही बंद झालंय. तीन घड्याळं ठेवली होती. अकराला येऊन बघतो, जशीच्या तशी. दुसऱ्या दिवशी जशीच्या तशी. आठवडा झाला, जशीच्या तशी. म्हटलं, चिडला वाटतं पुन्हा. तो डबा फ्रीजमध्ये घेतला नाही, त्याचा राग असेल. त्याच्या जागी मी असतो तर मीही चिडलो असतो. पण निदान कळवायचं तरी! एका चिठ्ठीचं काम! मला विचारलं...

थांबा. थांबा हं. उठला तो. पेपर ठेवला. इकडंच येतोय. बघू नका म्हटलं ना! सगळे बघायला लागले... ताई, तुम्ही सासूबाईंशी बोलत राहा, काहीही बोला... आला. समोर उभा आहे. हा असा का बघतोय माझ्या हातांकडं?

...काय? मला म्हणालास?

ऐकलंत? ताई, तुम्ही ऐकलंत ना? मला विचारतोय, "दुखतंय का रे?" सात वर्षांनी! रे म्हणाला! विचारलं हो, विचारलं मला कुणीतरी! आणि मी...

"छे, कुठं काय!"

अरे देवा. हे मी बोललो? माझ्याच तोंडून गेलं? एवढी वर्षं मला विचारलं कुणी, विचारलं कुणी म्हणून ऊर बडवतोय, आणि विचारलं तर हे उत्तर! अरे, नाही, तसं नाही... तू... तुझं काय? तुझी बोटं? सकाळी उघडतात ना नीट?

..."छे, कुठं काय."

तोच सूर. अक्षरशः तोच! हा सूर मी ओळखत नाही होय? आख्खं वर्ष वापरलाय मी! एक महिना... तीन घड्याळं जशीच्या तशी... पेपरचं पान... आणि मी समजत होतो, चिडलाय. झालं. सात वर्षांनी एकेक वाक्य बोललो, आणि दोघंही खोटं बोललो.

हो सिस्टर, आलो, आलो, दोघंही येतोय! नाही, ह्यानं अजून पाणी नाही प्यायलं. नाही, हट्टी नाहीये तो... अरे, दे ती इकडं. दे रे. मला नको तर नको, ह्यांच्याकडं तरी दे. ताई, मघाशी माझी बाटली उघडून दिलीत ना? एवढी आणखी एक उघडाल? माझी नाही हो, माझी आहे उघडी... ही त्याची.